खुब्यातील धातूचा कृत्रिम सांधा : दुखत नसला तरी तपासणी का हवी?

आपल्या घरातील कोणाचा खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर त्यांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा : शरीरात बसवलेल्या सांध्याचे नाव काय? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव बहुतेकांना आठवते. रुग्णालय आठवते, झालेला खर्च आठवतो, त्या वेळी गावाहून कोण मदतीला आले होते तेही आठवते. सांध्याचे नाव मात्र सहसा कोणालाच ठाऊक नसते. एरवी त्यावाचून काही अडत नाही. परंतु एका विशिष्ट प्रकारच्या सांध्याबाबत हे नाव माहीत असणे आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत आवश्यक आहे. हे पत्रक त्याविषयी आहे.

ज्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया भारतात २००६ ते २०१० या काळात झाली, त्यांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावे. शस्त्रक्रिया परदेशात झाली असल्यास हा काळ २००३ पासून धरावा.

खुब्याचा सांधा आणि त्याची बदली

खुब्याचा सांधा उखळीचा सांधा म्हणून ओळखला जातो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कटीच्या हाडातील वाटीसारख्या खोलगट जागेत फिरते. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. संधिवात, अस्थिभंग किंवा हाडाचा रक्तपुरवठा थांबणे अशा कारणांनी ही कूर्चा झिजली किंवा गोल टोक ढासळले, की चालणे असह्य होते. अशा वेळी शस्त्रक्रियेने गोळा व वाटी दोन्ही बदलतात.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा व पॉलिएथिलीन या प्लास्टिकची वाटी अशी जोडी रूढ केली. ही शस्त्रक्रिया आज जगातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. तिची एक मर्यादा होती. तरुण व चपळ रुग्णांमध्ये प्लास्टिकची वाटी वर्षानुवर्षांच्या वापराने झिजत असे. प्लास्टिक काढून टाकून गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे केले तर सांधा अधिक टिकेल, या अपेक्षेने कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे सांधे पुढे आले. त्यांना ‘धातूवर धातू’ प्रकारचे सांधे म्हणतात.

नेमके काय बिघडले

जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर फिरल्या की पीठ पडते. धातूवर धातू फिरला तरी काही ना काही झीज होणारच. ही झीज अत्यल्प राहील, कारण दोन्ही पृष्ठभागांमध्ये शरीरातील द्रवाचा पातळ थर राहील, असे गृहीत धरले होते. सर्व सांध्यांत तसे झाले नाही.

डीप्यू ऑर्थोपेडिक्स ही जॉन्सन अँड जॉन्सन या उद्योगसमूहातील कंपनी. तिच्या ‘एएसआर’ नावाच्या सांध्यात हा दोष विशेष ठळकपणे दिसला. या सांध्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. शस्त्रक्रियेच्या वेळी वाटी थोडी जरी कलती बसली, तरी शरीराचा भार वाटीच्या मध्यावर न पडता कडेवर पडे. तेथे द्रवाचा थर टिकत नसे, आणि कड व गोळा एकमेकांवर घासून धातूचे अतिसूक्ष्म कण सुटत.

हे कण दोन प्रकारे अपाय करतात. पहिला अपाय सांध्याच्या आसपास होतो. शरीर या कणांना परके समजते, तेथे दाह निर्माण होतो, द्रव साचतो, कधी गाठ तयार होते. ही गाठ कर्करोगाची नसते, परंतु ती स्नायू व हाड पोखरू शकते. दुसरा अपाय दूरवर पोहोचतो. कोबाल्ट व क्रोमियम रक्तात मिसळतात. रक्तातील कोबाल्ट फार वाढल्यास श्रवणशक्ती, दृष्टी, हृदय, थायरॉइड ग्रंथी व मज्जातंतू यांवर परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

ऑस्ट्रेलियात हा सांधा २००९ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० सांधे रुग्णांच्या शरीरात बसवले गेले होते. इंग्लंड व वेल्सच्या सांधेनोंदणीच्या आकडेवारीनुसार हा सांधा बसवलेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे १२ ते १३ रुग्णांना पाच वर्षांच्या आतच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती.

भारतात काय घडले

भारतात या सांध्याच्या आयातीस २००६ मध्ये परवानगी मिळाली आणि सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला. जागतिक माघारीनंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हा प्रश्न लावून धरला व मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने, म्हणजे सीडीएससीओने, देशभरासाठी सावधगिरीची सूचना डिसेंबर २०१३ मध्ये काढली. माघारीला तोवर तीन वर्षे उलटून गेली होती.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण कुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने एका वर्षाने अहवाल दिला. त्यातील एक बाब प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. कंपनीच्या मदतकेंद्राकडे नोंद झालेल्या रुग्णांची संख्या होती केवळ १,०८० च्या आसपास. उरलेल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणा लागला नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर साधे आहे. ज्या देशांत प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही होती, तेथे सांध्याच्या क्रमांकावरून रुग्णापर्यंत पोहोचता आले. आपल्याकडे तशी सक्तीची नोंद नव्हती. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. सांधा मात्र शरीरात पंधरा-वीस वर्षे राहतो. म्हणजेच नियम पूर्णपणे पाळला गेला असला, तरी २००८ मधील शस्त्रक्रियेचे कागद आज रुग्णालयात नसण्याची शक्यता मोठी आहे. अनेकदा अशा रुग्णांचा एकमेव पुरावा घरातील कपाटात असतो.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे अधिकच लागू पडते. नोकरीतील बदल्यांमुळे पुष्कळांची शस्त्रक्रिया पुण्यात, मुंबईत वा नागपुरात झालेली असते आणि पुढील वास्तव्य येथे असते. कधी आई-वडील उतारवयात मुलांकडे राहावयास येतात व त्यांच्या फाइली गावाकडच्या घरी राहून जातात. येथील डॉक्टर मूळ शस्त्रक्रियेच्या नोंदी पाहिलेल्या नसताना उपचार करीत असतात. त्यामुळे सांध्याचे नाव शोधण्याचे काम घरच्यांनीच हाती घ्यावे लागते.

कोणी घाबरू नये

खुब्याचा सांधा बदललेल्या बहुसंख्य रुग्णांना या पत्रकातील धोका लागू नाही. धातूच्या किंवा सिरॅमिकच्या गोळ्याखाली पॉलिएथिलीनची वाटी असेल, अथवा गोळा व वाटी दोन्ही सिरॅमिकचे असतील, तर तो ‘धातूवर धातू’ प्रकार नव्हे. मांडीच्या हाडात रोवलेला दांडा धातूचा असणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो एकमेकांवर फिरणाऱ्या दोन पृष्ठभागांचा. गुडघ्याच्या सांध्याशीही या विषयाचा संबंध नाही. अशा सर्वांनी आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली नेहमीची तपासणी चालू ठेवावी, एवढेच पुरेसे आहे.

आपला सांधा कोणता, हे कसे शोधावे

पुढील क्रमाने शोध घ्यावा :

१. डिस्चार्ज कार्ड व शस्त्रक्रियेची टिपणे काढावीत. सांध्यासोबत येणारे छोटे स्टिकर बहुधा या कागदांवर चिकटवलेले असते. त्यावर कंपनीचे नाव, सांध्याचे नाव, आकार, ‘आरइएफ’ व ‘लॉट’ हे क्रमांक असतात.

२. स्टिकर नसेल तर सांध्याच्या खरेदीचे बिल शोधावे. पुष्कळ ठिकाणी सांध्याचे बिल रुग्णालयाच्या बिलापासून वेगळे असे. आरोग्य विमा, सीजीएचएस किंवा कार्यालयाकडून प्रतिपूर्ती घेतली असल्यास त्या अर्जासोबत बिलाची प्रत जोडलेली असू शकते.

३. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून नोंदींची प्रत मागावी. रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितलेले कागद ७२ तासांच्या आत द्यावेत, असा नियम आहे. नोंदी उपलब्ध नसल्यास तसे लेखी उत्तर घ्यावे. तेही पुढे उपयोगी पडते.

४. यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर खुब्याचा नवा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. प्लास्टिकची वाटी एक्स-रेमध्ये धातूसारखी ठळक उमटत नाही. म्हणून सांधा ‘धातूवर धातू’ आहे की नाही, याचा बराचसा उलगडा अनुभवी तज्ज्ञांना चित्रावरून होतो. शस्त्रक्रियेनंतरचा जुना एक्स-रे असल्यास तोही सोबत न्यावा.

सापडलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत काढावी, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि ते घरातील दोघांकडे तरी असावे. मूळ प्रत कोणालाही कायमची देऊ नये.

लक्षणे आणि तपासणी

‘धातूवर धातू’ सांधा असलेल्या व्यक्तीने पुढील तक्रारी डॉक्टरांना सांगाव्यात : जांघेत, कुल्ल्यात वा मांडीत दुखणे, खुब्याजवळ सूज किंवा गाठ, लंगडणे किंवा पूर्वीइतके चालता न येणे, हालचालीच्या वेळी सांध्यातून आवाज येणे किंवा तो निसटल्यासारखे वाटणे. याखेरीज ऐकू कमी येणे, कानात सतत आवाज होणे, अंधुक दिसणे, धाप लागणे, हातापायांना मुंग्या येणे, अकारण थकवा ही लक्षणेही सांगावीत. ती वयामुळे किंवा अन्य आजारांमुळेही उद्भवतात, हे खरे. म्हणूनच डोळ्यांच्या, कानाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना ‘माझ्या खुब्यात धातूचा सांधा आहे’ हे वाक्य आवर्जून सांगावे. अन्यथा या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्याही ध्यानात येत नाही.

परंतु केवळ लक्षणांवर विसंबून राहू नये. सांध्याभोवतीची हानी काही रुग्णांत वेदनेवाचून चालू राहते. जेव्हा दुखू लागते, तेव्हा स्नायू व हाड बरेच खराब झालेले असते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून एएसआर सांधा असल्याचे निश्चित झालेल्या रुग्णाने काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

या तपासणीत साधारणपणे तीन गोष्टी असतात. पहिली, प्रत्यक्ष तपासणी व एक्स-रे. दुसरी, रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमचे प्रमाण. ही नेहमीची रक्ततपासणी नव्हे. तिच्यासाठी धातुमुक्त विशेष नळीत रक्त घ्यावे लागते, अन्यथा सुईचा वा नळीचा धातू मिसळून निष्कर्ष चुकू शकतो. प्रयोगशाळेत नाव नोंदवितानाच याविषयी विचारून घ्यावे. तिसरी, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा धातूमुळे चित्रात येणारा दोष कमी करणाऱ्या खास पद्धतीचा एमआरआय. एमआरआयच्या वेळी खुब्यात सांधा असल्याचे तेथील तंत्रज्ञांना आधी सांगावे.

ब्रिटनच्या औषधनियंत्रक संस्थेने दर लिटर रक्तात ७ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सावधगिरीची खूण म्हणून ठरवली होती. त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे व सांध्याचे चित्रण करावे, असा तिचा सल्ला होता. एका अहवालातील आकड्यावरून सांधा काढण्याचा निर्णय होत नाही. तसेच आकडा कमी आहे म्हणून दुखण्याकडे दुर्लक्षही करू नये. हे धातू मूत्रावाटे शरीराबाहेर पडतात. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या तरुण स्त्रियांनीही आधी सल्ला घ्यावा.

पुन्हा शस्त्रक्रिया सुचविल्यास

सांधा काढून दुसरा बसविण्याचा सल्ला मिळाल्यास घाईने होकार देऊ नये, तसेच तो वर्षानुवर्षे पुढेही ढकलू नये. शक्य असल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. काढलेला सांधा टाकून न देता त्यावर नाव व दिनांक लिहून तो जपून ठेवावा, कारण दोषाचा तो थेट पुरावा असतो. आणि नव्या सांध्याची स्टिकरे आपल्या कागदांवर चिकटवून मिळावीत.

नुकसानभरपाई आणि तक्रार

अग्रवाल समितीने बाधित रुग्णांना किमान २० लाख रुपये मिळावेत, तसेच तपासणी व पुनर्शस्त्रक्रियेचा खर्च देण्याची कंपनीची योजना ऑगस्ट २०२५ पर्यंत चालू राहावी, अशी शिफारस केली. पुढे सफदरजंग रुग्णालयाच्या क्रीडा-दुखापत केंद्राचे डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने भरपाईचे सूत्र आखले. मंत्रालयाने ते नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले. त्यात रुग्णाचे वय व अपंगत्वाचे प्रमाण विचारात घेतले जाते, आणि मानसिक क्लेशापोटी १० लाख रुपये धरले आहेत. एकूण रक्कम सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत जाते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या या पावलावर समाधान व्यक्त करून याचिका निकाली काढली. कंपनीने मात्र सूत्राला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मे २०१९ मध्ये त्याच न्यायालयात तिने पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दर्शवली.

या ६७ जणांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो ‘पडताळणी’ हा शब्द. कागद होते, म्हणून पडताळणी होऊ शकली.

रुग्णाने आपल्या राज्याच्या समितीकडे किंवा केंद्रीय तज्ज्ञ समितीकडे दावा मांडावा, अशी व्यवस्था ठरविण्यात आली होती. राजधानी परिसरात दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश ही वेगवेगळी प्रशासने आहेत. त्यामुळे राहत्या राज्याच्या औषधनियंत्रण विभागाकडे, तसेच नवी दिल्लीतील कोटला मार्गावरील सीडीएससीओच्या एफडीए भवन कार्यालयाकडे अर्जाची सद्यस्थिती व मुदती विचारून घ्याव्यात. अर्जाची पोच घ्यावी. रक्कम मिळवून देतो असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

कोणत्याही वैद्यकीय उपकरणामुळे त्रास झाल्यास त्याची नोंद मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमात करता येते. हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला असून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय भेषजसंहिता आयोग करतो. आयोगाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. नोंद डॉक्टरांप्रमाणे रुग्णही करू शकतात. सदोष वस्तू लवकर ओळखली जावी, यासाठी अशी प्रत्येक नोंद मोलाची असते.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आहे त्यांच्यासाठी

परत मागविलेला सांधा आता बसविला जात नाही. तरीही शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. गोळा कशाचा आहे? वाटी कशाची आहे? हा सांधा किती वर्षांपासून वापरात आहे? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. घरी परतण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर स्टिकर आहे ना, हे घरातील एकाने डोळ्यांनी पाहून घ्यावे.

आज घरी गेल्यावर एवढे करावे. कपाटातील, माळ्यावरील किंवा गावाकडच्या घरातील ती जुनी फाइल शोधण्यास कोणाला तरी सांगावे. २००६ ते २०१० मधील शस्त्रक्रिया असेल आणि सांध्याचे नाव सापडत नसेल, तर येत्या काही दिवसांत अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात नाव नोंदवावे. आपली आई, वडील, आत्या किंवा शेजारी न सापडलेल्या ३,६०० जणांपैकी असतील, तर त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आपणच आहात.